हू कोण आणि विच कोण

आमचे सर माणसांच्या दोनच जाती मानायचे. एक हू आणि दुसरी विच.

इंग्रजीत माणसाला हू लागतं आणि टेबल, खुर्ची, छत्री, सायकल यांना विच. पुस्तकात एवढंच आहे. पण सर व्याकरण वर्गात ठेवून घरी जाणाऱ्यांतले नव्हते. उचगावात एकदा उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं शाळेच्या पोरींच्या अंगावर घातल्यासारखं करून हसत ट्रॅक्टर दामटला. सरांनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि भर रस्त्यात ओरडले, "ए विच!"

ट्रॅक्टरवाल्याला शब्द कळला नाही, पण शिवी आहे एवढं कळलं. तो खाली उतरून आला. "काय म्हणला ओ पावणं?"

सरांनी त्याला तिथंच, मागं चार गाड्या तुंबलेल्या असताना, संबंधी सर्वनाम शिकवलं. शेवटी तो डोकं खाजवत म्हणाला, "म्हंजे मी टेबल?"

"आजच्या दिवस," सर म्हणाले. "उद्या नीट चालीव, मग हू होशील."

मी चळवळीतला माणूस आहे. भरतीच्या परीक्षा देणाऱ्या पोरापोरींची आमची एक समिती आहे. सर्व्हर बंद पडला, केंद्र तीन जिल्हे सोडून दिलं, निकाल लटकवला, की आम्ही पत्रक काढतो आणि दारात जाऊन बसतो. मला निषेध लिहिता येतो, कौतुक लिहायची सवय नाही. आमच्यातले हे वाचून हसतील. हसू देत. ज्या माणसाबद्दल लिहायचं राहून गेलं, त्याच्याबद्दल लिहितो. आणि त्याच माणसावर मी एकदा भडकलो होतो, तेही लिहितो. लपवणार नाही.

सरांचा वर्ग पिठाच्या गिरणीच्या माडीवर भरायचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती खोली घेतली, कारण गिरणीच्या आवाजामुळे दुसरं कुणी ती घेत नव्हतं. खाली पट्टा फिरायचा, वर फळीची जमीन थरथरायची आणि सर त्या आवाजाच्या वर आवाज काढून शिकवायचे. लाईट गेली की गिरणी थांबायची. सर थांबायचे नाहीत, आवाजही खाली आणायचे नाहीत. त्यामुळे लोडशेडिंगच्या वेळी अख्खी गल्ली इंग्रजी शिकली. गिरणीवाले काका एकदा पांढऱ्या भुवयांनी वर आले आणि म्हणाले, "सर, ते हूमचं काल लाईट गेल्यावर ऐकलं. पण मधेच लाईट आली की. पुढं काय झालं?"

सर म्हणाले, "काय व्हायचंय? हूम वापरणारा माणूस एक तर वकील असतोय, न्हाय तर लपवालपवी करतोय. तुम्ही दळा."

वर्गात नाव घालायला फॉर्म नव्हता. सर म्हणायचे, "घरची दोन वाक्यं आण." घरचीच हवीत, पुस्तकातली चालणार नाहीत. मग ती दोन वाक्यं फळ्यावर लिहायची आणि हू, विच, हूज यांतलं बरोबर सर्वनाम निवडून त्यांचं एक वाक्य करायचं. जमलं तर आत, नाही जमलं तरी आत. पण नाही जमलं तर सगळ्यांसमोर सोलून काढायचे.

माझी वाक्यं अशी होती: माझे वडील ट्रक चालवतात. ते आज हुबळीला आहेत. मी ऐटीत जोडलं: माय फादर हू ड्राइव्ह्ज अ ट्रक इज इन हुबळी.

सरांनी फळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुला बाप किती?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "एकच, सर."

"मग हे काय लिवलंस? ‘माझा जो बाप ट्रक चालवतो तो हुबळीला हाय’ असं झालं हे. म्हंजे दुसरा एक रिक्षा चालवणारा घरात बसलाय! फादरच्या पुढं स्वल्पविराम दे, ट्रकच्या पुढं एक दे. न्हाय दिलास तर तुझ्या आईवर आळ येतोय, कळतंय का मर्दा?"

त्या दिवसापासून मी स्वल्पविराम विसरलेलो नाही. आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "चांगला मास्तर दिसतोय. जात ऱ्हा."

आमच्या पोरांची हमखास चूक दुसरीच. मराठीत जो आला की मागोमाग तो येतो. जो पळेल तो जिंकेल. ती सवय इंग्रजीत शिरते आणि पोरं लिहितात, द मॅन हू ही केम. यावर सरांचं ठरलेलं भाषण होतं. "मराठीतलं जो आन तो म्हंजे नवरा-बायकू. एकाला बोलावलं की दुसरं येणारच, पाट मांडून ठेवायचा. इंग्रजीतला हू सडाफटिंग हाय. एकटा येतोय, एकटा जेवतोय, एकटा जातोय. त्याच्या मागं ‘ही’ लावून त्याचं लगीन लावू नका!"

माणसाला विच म्हटलेलं मात्र त्यांना खपायचं नाही. तिथं विनोद संपायचा. शहरात एका अपार्टमेंटच्या लिफ्टशेजारी इंग्रजीत नोटीस होती: मेड्स अँड वॉचमेन विच कम लेट विल नॉट यूज द लिफ्ट. उशिरा येणाऱ्या धुणंभांडीवाल्या बायकांनी आणि वॉचमननी लिफ्ट वापरायची नाही, असा हुकूम. आम्ही दोघं एका विद्यार्थ्याच्या घरी पेढे द्यायला गेलो होतो. मी लिफ्टबंदीवर पेटलो. सर विचवर पेटले. त्यांनी खिशातून खडू काढून विच खोडलं आणि सेक्रेटरींना खाली बोलवायला सांगून तिथंच पायरीवर बसले. वॉचमन घाबरून म्हणाला, "ओ सर, जावा की. मला इंग्रजी येत न्हाय, पण माझी नोकरी जाईल."

"तुला इंग्रजी येत न्हाय म्हणूनच त्यांनी तुला विच केलंय," सर म्हणाले.

मी वैतागलो. म्हटलं, "सर, लिफ्ट बंद केली हा खरा अन्याय आहे. तुम्ही सर्वनामावर कुठं अडून बसलाय?"

"मर्दा, आधी विच केलं म्हणून मग लिफ्ट बंद करता आली. टेबलाला कोण विचारतंय, तुला जिना चढवंल का म्हणून?"

सेक्रेटरी आले, पाऊण तास वाद झाला आणि विचचं हू झालं. पुढं पंधरा दिवसांत ती नोटीसच भिंतीवरून उतरली. हू लिहिल्यावर ती वाचायची त्यांनाच लाज वाटली असणार, असं सर म्हणायचे. त्या पंधरा दिवसांत आमची दोन पत्रकं तिथल्या प्रत्येक दारात पडली होती, हेही नोंदवून ठेवतो. श्रेय मी सोडत नाही.

सरांना माझी पत्रकं आवडायची नाहीत. "उद्गारचिन्हं लई, क्रियापदं कमी," असा शेरा. मी "निषेध! निषेध! निषेध!" लिहिलं की ते दोन खोडून द्यायचे. "एकदा म्हणलेलं ऐकू येत न्हाय का त्यांस्नी?"

आणि त्यांचा एक हट्ट होता, तो आम्हाला नुसता तऱ्हेवाईकपणा वाटायचा. वर्गात गाईड आणायचं नाही. कुणी आणलंच तर जिन्यात ठेवून वर यायचं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गाईडांची चळत असायची, तिच्यावर पीठ बसायचं आणि जाताना प्रत्येक जण आपापलं झटकून न्यायचा. एखाद्यानं पिशवीत लपवून आणलेलं सापडलं की सर इतके लाल व्हायचे की आम्हाला कळायचं नाही, एवढं काय त्यात. "छापलं म्हंजे खरं झालं व्हय?" असं ओरडायचे आणि मग एकदम गप्प होऊन खिडकीशी जाऊन उभे राहायचे.

आता नसीमाबद्दल. नसीमा शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर बसायची आणि सुट्टी झाली की थेट वर्गात यायची, ओढणीला दोऱ्याचे तुकडे तसेच. अस्सल कोल्हापूरची. "मी आलो सर," "मी गेलतो," "मी सांगतो," असंच बोलायची, आमच्याकडं बायका बोलतात तसंच. पुण्याचा एक पोरगा वर्गात नवीन आला होता, तो हसला. सरांनी त्याला उभं केलं. "हूला लिंग असतंय का?"

"नाही सर."

"बाई असू दे, बाप्या असू दे, हू तो हूच. मग नसीमाचं काय चुकलं? तिनं मराठीतलं हू काढलंय. बस खाली."

नसीमाची भरतीसाठीची वयाची मर्यादा त्या वर्षी संपत होती. कनिष्ठ लिपिकाची ती परीक्षा म्हणजे शेवटची. त्यानंतर फॉर्मच भरता येणार नव्हता, मग आयुष्यभर गणवेशांच्या बाह्या. हे ती कधी बोलायची नाही. पण गिरणी बंद होईपर्यंत बसायची.

परीक्षा झाली. उत्तरतालिका आली. सहा महिने डोळे फोडणाऱ्या पोरांनी आपले गुण मोजले आणि नसीमाचा एक गुण कमी पडला. एकच. तिच्या प्रवर्गाची गुणरेषा कुठं लागणार हे साधारण कळलेलं होतं आणि ती तिच्या एका गुणानं खाली होती.

तो गुण कुठं गेला हे तिनंच आम्हाला दाखवलं. प्रश्न असा: द स्कूल डॅश रूफ वॉज ब्लोन ऑफ वॉज क्लोज्ड. ज्या शाळेचं छप्पर उडालं ती शाळा बंद होती. पर्याय चार: हू, विच, हूज, हूम. नसीमानं हूज निवडलं होतं. उत्तरतालिका म्हणत होती, विच.

"सर, मी तुमचंच केलं की," ती म्हणाली. "छप्पर कुणाचं? शाळेचं. चा-ची-चे आला की हूज. मालक जिवंत हाय का मेलेला हाय बघायचं न्हाय. असंच शिकवलतं न्हवं?"

"व्हय," सर म्हणाले. "बरोबर हाय तुझं." एवढंच म्हणाले. एरवी या चुकीवर त्यांनी गिरणी बंद पाडली असती. मला तेव्हाच चमकायला हवं होतं.

मी हरकत नोंदवली. शब्दकोश जोडला, दोन मोठी व्याकरणाची पुस्तकं जोडली, पानं जोडली. उत्तर आलं दोन शब्दांचं: हरकत अमान्य. संपलं. ना कारण, ना सही. परीक्षा घेणारे लोक पोरांना असंच उत्तर देतात, जणू आपण त्यांची झोपमोड केली. मी त्या परीक्षेत चौदा गुणांनी बाहेर होतो, त्यामुळे माझा काही स्वार्थ नव्हता. म्हणून जास्तच पेटलो. पत्रक काढलं. या वेळी सरांकडं तपासायला नेलं नाही, सगळी उद्गारचिन्हं ठेवली. साठेक पोरंपोरी विभागीय कार्यालयाच्या फाटकात जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी आतून निरोप आला, तिघांनी या.

मी, नसीमा आणि सर आत गेलो. सरांना मीच ओढून नेलं. ते दोनदा म्हणाले, "मी कशाला? तू बोल की." मला वाटलं, वय झालं, दगदग नको असेल.

साहेब तसे भले होते. पाणी दिलं, खुर्च्या दिल्या. म्हणाले, "हे बघा, आम्ही हवेत काही ठरवत नाही. तज्ज्ञांनी संदर्भ दिलाय." फाईल आमच्याकडं फिरवली. झेरॉक्स होती. पान चौऱ्याऐंशी. मधोमध एक चौकट. डावीकडं माणसं: हू, हूम, हूज. उजवीकडं वस्तू आणि प्राणी: विच. आणि चौकटीखाली ठळक अक्षरांत: ‘निर्जीव वस्तूंसाठी हूज कधीही वापरू नये.’

"आणि हे काही पुण्या-मुंबईचं पुस्तक नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या कोल्हापूरच्याच शिक्षकांचं आहे. जुनं आहे. नंतरच्या सगळ्या गाईडांनी यावरूनच घेतलंय. एवढी वर्षं पोरं हेच वाचत आली, आता तुम्ही तिघं म्हणता ते चूक?"

मी वरचं पान उलटलं. मुखपृष्ठाची झेरॉक्स होती. लेखकाचं नाव वाचलं. परत वाचलं. शेजारच्या खुर्चीकडं बघायचं धाडस झालं नाही.

नसीमानंही वाचलं. तिचा हात फाईलवरून मागं गेला.

साहेबांना काही माहीत नव्हतं. आमच्यासोबतचा टोपीवाला म्हातारा कोण, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. सर गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. हरकत फेटाळली गेली असती, आम्ही घोषणा देत घरी गेलो असतो आणि सरांचं नाव वर्गात, गल्लीत, गिरणीत जसंच्या तसं राहिलं असतं.  

नसीमा उठली. ओढणी सारखी केली. "ऱ्हाऊ द्या सर," ती हळू म्हणाली. "एका मार्कानं काय व्हतंय. जाऊया आपुन."

जिचं सगळं त्या एका गुणावर होतं, ती हे म्हणाली.

"बस खाली," सर तिला म्हणाले. मग साहेबांकडं वळले. "साहेब, हे पान चुकलंय."

"कोण म्हणतं?"

"ज्यानं लिवलंय, तो म्हणतोय."

साहेबांना कळलं नाही. "कोणी लिहिलंय?"

"मी."

 साहेबांनी मुखपृष्ठ बघितलं, सरांकडं बघितलं आणि सरकारी माणूस करतो तेच केलं. ओळखपत्र मागितलं. सरांनी आधार कार्ड काढून दिलं. साहेबांनी अक्षर न अक्षर जुळवलं आणि मान हलवली. "आडनावात वेलांटी वेगळी आहे. इथं पहिली, पुस्तकावर दुसरी."

"त्या पुस्तकात तेबी चुकलंय," सर म्हणाले.

साहेब हसले. पहिल्यांदाच माणसासारखं हसले. सरांनी कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर लिहिलं. मी वाचलंय ते, माझ्याकडं त्याची प्रत आहे. त्यात एकही विशेषण नाही. ‘सदर पुस्तक मी लिहिले. पान चौऱ्याऐंशीवरील नियम चुकीचा आहे. हूज हे सर्वनाम माणूस व वस्तू दोघांसाठी चालते. प्रश्नाचे बरोबर उत्तर हूज हेच आहे. ज्या कुणी माझ्या पुस्तकावरून उत्तर ठरवले असेल, त्यांनी ते बदलावे.’ खाली सही, पहिल्या वेलांटीची.

बाहेर आलो. फाटकातल्या पोरांना काय झालं ते कळायच्या आत मी सरांना बाजूला भिंतीशी घेतलं आणि भडकलो.

"किती वर्षं माहीत होतं, सर?"

"अठरा."

"आणि गप्प?"

मग त्यांनी सांगितलं. सव्विसाव्या वर्षी लिहिलं पुस्तक. प्रकाशक पेठ वडगावचा, घाई करत होता. "चौकट लई देखणी झालती रं. इकडं माणसं, तिकडं वस्तू. देखणी होती म्हणून खरी वाटली. तपासलं न्हाय." पुढं एकदा आठवीतल्या एका पोरीनं उभं राहून वाचनमालेतलं वाक्य दाखवलं: ज्या झाडाची पानं गळाली, त्यात हूज होतं. "तिला म्हणलो, छपाईची चूक हाय. बस. घरी जाऊन बघितलं, तर चूक माझी." प्रकाशकाला पत्र लिहिलं. तो म्हणाला, पुढच्या आवृत्तीत करू. पुढची आवृत्ती आलीच नाही, दुकान बंद झालं. पण तोवर दहा गाईडांनी चौकट उचलली होती. सरांनी आपलं शिकवणं बदललं आणि तोंड मिटलं. कोल्हापुरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस एका गोष्टीवर अठरा वर्षं गप्प राहिला.

मला त्यांची दया आली नाही. मला ती पोरं दिसायला लागली, ज्यांनी बरोबर उत्तर लिहिलं आणि जी एका गुणानं घरी गेली. आमच्या समितीत बसून रडलेली पोरं. मी म्हणालो, "मग तुम्हीच विच, सर."

बोलून बसलो. आजही तो शब्द परत घ्यावासा वाटत नाही, पण म्हणताना जीभ भाजली.

सर म्हणाले, "व्हय. आत्तापतूर व्हतो."

नसीमानं माझ्या दंडाला धरून मला मागं ओढलं. "तोंड सांभाळ की जरा! टेबलानं कधी आपली चूक कबूल केलीया? बघितलाईस कुठं?"

 चळवळीत इतकी वर्षं काढली, समोरच्यानं मान्य केलं की पुढं काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्याकडं कुणी मान्यच करत नाही.

अकराव्या दिवशी सुधारित उत्तरतालिका आली. त्या प्रश्नासमोर हूज. निवड यादी लागली तेव्हा नसीमा कारखान्यात मशीनवर होती. मी फोन केला, तर मागं पन्नास मशिनींचा आवाज. मी ओरडलो, "झालीस तू!" तिला ऐकू येईना. शेवटी तिनं शेजारच्या बायकांना मशिनी बंद करायला लावल्या. मी परत सांगितलं. मग मला जे ऐकू आलं, ते आमच्या आजवरच्या कुठल्याच घोषणेला जमलेलं नाही. पन्नास बायका एकदम ओरडल्या होत्या.

दुपारी वर्गाखाली हलगी आली, गुलाल आला. गिरणीवाल्या काकांनी भर दळणाच्या वेळेला पट्टा काढून ठेवला आणि पीठ-गुलाल एक होऊन जिना गुलाबी झाला. पोरं नाचत होती, "हूज! हूज!" असं ओरडत होती. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटलं असेल, हा कुठला नवीन उमेदवार. नसीमा आली, सरांच्या पाया पडायला वाकली. सर मागं सरकले. "माझ्या न्हाय पडायचं. तुझा मार्क मीच खाल्लावता."

"खाल्लावता तर ओकलासा की!" नसीमा म्हणाली आणि तिनं त्यांच्या टोपीवरच गुलालाची मूठ रिकामी केली.

मी विजयाचं पत्रक लिहून आणलं होतं. मथळा होता ‘विजय!’ सरांनी वाचलं, मथळा खोडला आणि वर लिहिलं ‘दुरुस्ती’.

"सर, आज तरी विजय लिहू द्या. आपण जिंकलोय."

"नसीमा जिंकली. तिचं तिनं लिवावं. मला माझं लिवायचंय."

भांडण झालं. शेवटी एका बाजूला माझा विजय, दुसऱ्या बाजूला त्यांची दुरुस्ती, असं छापलं. मागची बाजू म्हणजे साहेबांना लिहून दिलेला कागद, जसाच्या तसा, आणि खाली त्यांचं पूर्ण नाव. मी म्हटलं, नाव कशाला, बदनामी होईल. म्हणाले, "गाईडावर नाव हुतं तवा मिरवलोय. आता यावर बी मिरवतो."

आणि वाटायला ते स्वतः उभे राहिले. उचगाव फाट्यावर, भर दुपारी, टोपीत अजून गुलाल. मी शेजारी होतो. आमची कार्यकर्ती पोरं पत्रक वाटतात तेव्हा माणूस हातात घेतो आणि पुढच्या खांबाशी टाकतो, ते मी हजारदा बघितलंय. सर प्रत्येकाला थांबवून सांगत होते. उसाच्या गाडीवाल्याला, दूधवाल्याला, कॉलेजच्या पोरींना. "वस्तूलाबी हूज चालतंय. मी चुकीचं लिवलंतं. हे घ्या." लोक आधी म्हातारा येडा झालाय असं बघायचे, मग वाचायचे, मग परत बघायचे.

एक मोटरसायकल थांबली. चाळिशीचा माणूस, मागं बायको, दोघांच्या मधे गॅसची शेगडी. त्यानं पत्रक घेतलं आणि आधी विजयाची बाजू वाचली. उलटवून मागची वाचली. गाडीचं इंजिन बंद केलं.

"सर, हा प्रश्न आमच्या वेळी बी आलता," तो म्हणाला. "नदीचा हुता. ज्या नदीचं पाणी वाढलं. मी हूज लिवलंतं. आमच्या मास्तरांनी आन तिघा दोस्तांनी मला येड्यात काढलं, गाईड काढून दाखवलं."

 सरांनी पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरला.

"म्हंजे माझं बरोबर हुतं?"

"तुझं बरोबर हुतं."

"त्या परीक्षेत?"

"त्याच परीक्षेत. तू बरोबर हुतास, मी चुकलोवतो."

मला वाटलं, आता हा माणूस सरांना काहीतरी बोलणार. बोलला असता तर मी आड आलो नसतो, त्याचा हक्क होता. पण तो वळला आणि मागं बसलेल्या बायकोला एवढ्या मोठ्यानं सांगायला लागला की फाट्यावरचे रिक्षावाले बघायला लागले, "ऐकलीस का? बरोबर हुतं माझं! मी म्हणत न्हवतो? बरोबर हुतं!"

"ऐकलं की," ती म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "आता गाडी तरी बाजूला घ्या, मागं ट्रकवाला बोंबलाय लागलाय."

त्यानं गाडी बाजूला घेतली नाही. ट्रक हॉर्न वाजवत राहिला. त्यानं सरांच्या पुढं हात केला. "अजून चार द्या. माझ्या मास्तरांस्नी एक, आन त्या तिघांस्नी एक-एक. आजच्या आज नेऊन देतो."

सरांनी मोजून चार दिली. आणि तो गेल्यावर, मागच्या ट्रकवाल्यानं शिव्या द्यायला काच खाली केली, तर त्याच्याही हातात एक ठेवलं.